आरशावरचा डोळा

शिरगाव,
बुधवार

प्रिय सुजीत,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. खोडणार होते, पण स्वराच्या वहीतले कागद आहेत आणि खाडाखोड झाली की ती कुरकुर करते, म्हणून राहू दिलं. तू त्यावरून काही अर्थ काढत बसू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं ऐकत नाहीस म्हणून. मी एक वाक्य बोलले की तू 'बरोबर आहे ताई, बरोबर आहे ताई' करतोस आणि मग तुझं ते ऑफिसातलं मराठी सुरू होतं, ज्यात गिऱ्हाइकाला 'अनुभव' येतो आणि अडचणीला 'संधी' म्हणतात. कागदाला मध्येच 'बरोबर आहे ताई' म्हणता येत नाही. शिवाय घरात फोनवर बोललेलं आईला ऐकू जातं आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून ती झोपायला गेल्यावर नाही, तर समोर बोंबील वाळत घालत असताना, मी पडवीत बसून लिहितेय. तिला वाटतंय मी स्वराचा अभ्यास तपासतेय.

तर येत्या रविवारी तू येणार. मच्छीमार संस्थेच्या हॉलमध्ये तुझ्या कंपनीचा कार्यक्रम आहे. तुझ्याबरोबर तो दिग्विजय नावाचा साहेब, जो बोलताना सारखा घड्याळ चाचपतो. सरबत आहे, पिशव्या वाटणार आहात आणि गावातल्या मासळीवाल्या बायकांना तुमच्या विजेवरच्या गाड्या द्यायच्या आहेत. द्यायच्या म्हणजे विकायच्या नाहीत, 'सेवा' म्हणून द्यायच्या. शेजारच्या शकूच्या घराच्या भिंतीवर तुमचा बोर्ड लागलाय, 'गाडी घेऊ नका, सेवा घ्या'. शकू त्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसते, जशी काही स्वतःच निवडणुकीला उभी आहे. आणि तू मला मेसेज टाकलास, 'ताई, आईला पहिल्या रांगेत बसव. ती दोन शब्द बोलली तर सगळ्या सह्या करतील.' करतीलच. रंभाबाईंनी बरं म्हटलं की ह्या आळीत बरं असतं, हे तुलाही ठाऊक आहे. आईला हॉलमध्ये आणायचं की नाही, हे आता माझ्या हातात आहे. काय ते पत्राच्या शेवटी सांगते. तोवर वाच, आणि दुसऱ्या हाताने काही टाइप करू नकोस.

अप्पांचा टेम्पो तुला आठवतो का? अप्पांनी काचेवर आईचं नाव लिहून घेतलं होतं, ठसठशीत लाल अक्षरांत, 'रंभा'. तेव्हा आळीतल्या बायकांनी आईची इतकी थट्टा केली की कितीतरी दिवस ती पुढे बसायलाच तयार नव्हती, मागे टोपल्यांत बसायची. अप्पा गेल्यावर मात्र पुढची सीट तिने कुणाला दिली नाही. मी चालवायची आणि ती शेजारी. किनाऱ्यावर माल भरायचा, मग पालघर, मग बोईसर, आणि शेवटी बेटेगावच्या चाळी. तिथली माणसं कोल्हापूरकडची, जळगावकडची, कारखान्यात लागलेली. मांदेली कशी साफ करायची, करंदीत काय घालायचं, हे त्यांच्या बायकांना आईनेच शिकवलं. टेम्पो खोकायचा, चढावर त्याला धाप लागायची, कबूल. पण बंद पडला की मी बोनेट उघडायची, मला नाही जमलं तर बोईसरच्या गॅरेजवाल्याला हाक मारायची, आणि काहीतरी ठोकठाक होऊन तो चालायला लागायचा. तो बंद पडायचा तो स्वतःच्या दुखण्याने. कुणी लांब बसून त्याला बंद केलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपतीला आलास तेव्हा जेवता जेवता तू मला शिकवलंस, की जगातल्या सगळ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आता गाडी विकायचं बंद करणार. 'गाडी विकली की गिऱ्हाईक एकदाच भेटतं ताई, सेवा विकली की दर महिन्याला भेटतं.' किती खूश होतास हे सांगताना! टायर कंपनीचे, विमा कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची, चार्जिंग कंपनीचं, गाडी बिघडली तर दुसरी दारात. 'तू फक्त चालव.' खोटं का बोलू, मला भुरळ पडली. टेम्पोच्या क्लचने माझा गुडघा गेला होता. पण मी विचारलं, मागच्या पेटीतला गारवा? तर तो वेगळा. पेटी आमच्यासमोर, गार करायचं यंत्र पेटीत बसवलेलं, पण गारवा हवा तर त्याचं वेगळं पॅकेज, ते घेतल्याशिवाय बटण दाबून काही व्हायचं नाही. मी म्हटलं, मग भोंगा तरी आमचा ना? तू हसलास. मी विनोद करत नव्हते.

आई काही तयार होईना. 'आपल्या दारात उभी रहाणार आन् आपली नाय, म्हंजी पावणी हाय का ती?' असं म्हणाली. काचेवर नाव लिहिता येईल का, हेही तिने विचारलं. तू म्हणालास, नाही, गाडीवर रंग लावायची परवानगी नाही, कंपनीचे स्टिकर असतात. झालं, ती उठून मागच्या अंगणात गेली. मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी दाखवायला आणलेल्या गाडीत ती कुतूहलाने बसली, आणि आरशाच्या वर बसवलेला तो काळा काचेचा डोळा तिला दिसला. 'हा कसला रं?' म्हणून तिने विचारलं. आता तुला खरं सांगता आलं असतं, की चालवणारा डुलक्या काढतोय का, फोनवर बोलतोय का, ते यंत्र ह्यातून बघतं. पण तू तिच्या शेजारी वाकलास, मला अजून तुझा तो लाडात आलेला आवाज ऐकू येतो, आणि म्हणालास, 'आई, ह्यातून मी तुला रोज बघीन. पुण्यात बसून.'

बास. त्या एका वाक्यावर 'रंभा' भंगारात गेली. आई कागदपत्रांच्या वेळी तुझ्यापेक्षा घाईत होती. बाकी गावांत तुमची माणसं काय काय समजावून गाड्या गळ्यात मारतात ते मला ठाऊक नाही, पण आपल्या घरात ती गाडी कशावर खपली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गाडी चांगली चालली. हेही लिहिते, नाहीतर म्हणशील ताईला नवं काही रुचतच नाही. आवाज नाही, धूर नाही, गुडघा बरा झाला. एकदा माकुणसारच्या रस्त्याला टायर गेला तर तुमचा माणूस बोईसरहून आला आणि मला गाडीतून उतरूसुद्धा दिलं नाही. पण मालकीण आपण नाही, हे गाडी आपल्याला विसरू देत नव्हती. जोरात ब्रेक लावला की फोनवर सूचना. पाटी जास्त भरली की सूचना. दसऱ्याला आईने गाडीपुढे नारळ फोडला, तो फुटेना म्हणून बंपरवर दणका दिला, तर लगेच फोन आला की आपल्या वाहनाची टक्कर झाली आहे का. आईने माझ्या हातून फोन घेतला आणि त्या मुलीला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. तुला सांगितलं तेव्हा तूही खूप हसलास आणि म्हणालास, हे ऑफिसात सांगतो.

आणि आई बोलायला लागली. तुला ठाऊक नाही असं नाही, पण नीट ठाऊक नाही. आधी कामाला निघताना ती जुनं लुगडं नेसायची, वासाचं. आता धुतलेलं नेसायला लागली आणि केसांत अबोलीची वेणी. शकू म्हणाली, म्हातारी कुणाला दाखवतेय? आई म्हणाली, पोराला. गाडी सुरू झाली की माझ्या बाजूला कलायची, कारण डोळा चालवणाऱ्याच्या बाजूला वळवलेला, आणि तिला त्यात नीट दिसायचं होतं. 'जेवलास का? तेजल बरी हाय? आज म्हावरा कमी हाय, वारा लय.' एखादा मोठा घोळ मासा आला की दोन्ही हातांनी उचलून डोळ्यापुढे धरायची. मग माझं तोंड झाकलं जायचं आणि गाडी बीप बीप करायला लागायची. आईला वाटायचं तू ओ देतोयस. एकदा तू मला मेसेज केलास, 'ताई, तुझा ड्रायव्हिंग स्कोअर का पडतोय? काळजीपूर्वक चालव.' माझा स्कोअर कशामुळे पडत होता ते आता तुला कळलं असेल.

तो टायरवाला आला होता तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, ह्यातून खरंच कोण बघतं का? तो म्हणाला, 'मॅडम, मशीन देखता है. आदमी किसके पास टाइम है?' मला आधीच शंका होती, पण मी आईला काही बोलले नाही. तू तर बोलायला हवं होतंस. तिने फोनवर तुला विचारलं होतं, 'काल दाखवलेला घोळ बघितलास ना?' मी शेजारीच होते, स्पीकर लावला होता. तू म्हणालास, 'हो हो आई, मस्त होता.' तुझ्या बोटांचा टकटक आवाजसुद्धा येत होता. त्या 'हो हो'वर ती दिवसभर शीळ घालत होती. बायकांनी शीळ घालू नये म्हणून मला लहानपणी फटके देणारी आपली आई.

मग दिवाळीनंतर गाडीच्या सॉफ्टवेअरची ती सुधारणा आली. फोनवर इंग्रजीत भला मोठा मजकूर, खाली 'मान्य' असं बटण, आणि ते दाबल्याशिवाय गाडी सुरू होईना, म्हणून दाबलं. तूच संध्याकाळी फोन करून कौतुकाने सांगितलंस, की कुठल्या तरी शहरात पुराच्या पाण्यात कंपनीच्या खूप गाड्या गेल्या, म्हणून आता गाडी पाण्यात उभी राहिली की आपली आपणच बंद होणार आणि चाकं धरून ठेवणार, वाहून जायला नको. 'गाडी आमची आहे ना ताई, मग तिची काळजीही आम्हालाच घ्यायला हवी.' हे तुझंच वाक्य. बारीक अक्षरांतला मजकूर मी वाचला नाही, पण हे वाक्य ऐकलं होतं आणि मला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

आता सुजीत, तू शिरगावचा आहेस. त्या किनाऱ्यावर तू रांगायला शिकलास. ओहोटीला वाळू कशी फरशीसारखी घट्ट होते, होड्या खाली पाण्याच्या कडेला कशा टेकतात, आणि आपले लोक पूर्वी बैलगाड्या आणि आता टेम्पो थेट होडीपर्यंत कसे नेतात, हे तुला कुणी शिकवायला नको. भरतीची कड म्हणजे काही समुद्राची वेस नाही. अर्धा दिवस ती समुद्राची, अर्धा दिवस आपली. पण गाडी पाण्यात आहे की नाही हे तुम्ही नकाशावरून ठरवता, आणि त्या नकाशात भरतीची रेघ घेऊन तिच्या खालचं सगळं निळं रंगवून टाकलंत. ओहोटी म्हणून काही असते, हे तुमच्या नकाशाला ठाऊकच नाही. त्या अख्ख्या ऑफिसात हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो स्टेजवर होता.

सुधारणेच्या दुसऱ्याच दिवशी अवसेची सकाळ होती, उधाणाचे दिवस. पाणी लांब गेलं होतं. तुझ्या भावोजींची होडी खाली टेकली होती, मी गाडी नेहमीसारखी वाळूवरून खाली नेली आणि माल भरायला बंद केली. पाट्या चढवल्या. चालू करायला गेले तर पडद्यावर लाल अक्षरं. चाकं धरलेली. कोरडीठाक वाळू, चाकाला पाण्याचा थेंब नाही, आणि गाडी म्हणते मी पाण्यात आहे. तुमच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. मुलगी बिचारी गोड बोलत होती. 'मॅडम, सिस्टम में गाड़ी समुंदर में दिख रही है। सेफ्टी के लिए चालू नहीं कर सकते। पहले गाड़ी बाहर निकालिए, फिर चालू होगी।' मी म्हटलं, अगं बाई, चालू झाल्याशिवाय बाहेर कशी काढू? ती म्हणाली, 'मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ।' मी तिला फोटो पाठवला, वाळूचा. तिने तो पुढे पाठवला. पुढच्याने आणखी पुढे. इकडे भरती लागली होती. आपल्याकडे उधाणाचं पाणी कसं येतं ते तुला सांगायला नको, आधी वाटतं अजून लांब आहे आणि मग घोट्याला लागतं.

तेव्हा तुला फोन केला. तू कापलास. पुन्हा केला, पुन्हा कापलास. मग मेसेज आला, 'स्टेजवर आहे ताई. तिकीट टाक, टीम बघेल.' तिकीट म्हणजे काय ते शकूला विचारलं, तिला वाटलं एसटीचं; तक्रारीला तुमच्याकडे तिकीट म्हणतात हे मला नंतर कळलं. पुरुष जमले. दोर लावला. होड्या ओढायचा ट्रॅक्टर आणला. चाकं फिरेनात, नुसती खरडत होती, आणि जितकं ओढावं तितकी गाडी वाळूत रुतत होती. शेवटी हूकच उपटून आला. त्यानंतर पाण्याने जे करायचं ते केलं. तुमची गाडी सुरक्षित बंद अवस्थेत बुडाली.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तो, 'ताई, गाडी पाण्यात कशाला नेलीस?' म्हणून. हा तुझा पहिला प्रश्न. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती आणि मानेने नको नको म्हणत होती, म्हणून मी फोन ठेवला. मग दिग्विजयचं पत्र आलं, की वाहनाचा गैरवापर झाला आहे, पण आपण जुने सदस्य असल्यामुळे कंपनी सद्भावनेने दुसरं वाहन देत आहे. हे तू केलंस, मला कळतं, आणि तुला वाटलं ताईवर उपकार झाले. नवी गाडी दारात उभी आहे. तशीच पांढरी. आरशावर तसाच डोळा.

तुला आईबद्दल काय सांगितलं होतं? थंडी-ताप. पालघरला दवाखान्यात ठेवली होती ती सर्दी छातीत उतरली म्हणून. तू सफरचंदं पाठवलीस. थंडी-ताप नव्हता सुजीत. ती गाडीत होती.

मी फोन घेऊन बाहेर धावत होते आणि ती तिच्या सीटवर बसून होती. सगळ्यांनी सांगितलं, रंभाबाई उतरा, पाणी येतंय. ती म्हणाली, 'आमचा सुजीत बघतोय. तो चालू करील. मी उतरले तं त्याला दिसंल काय?' आणि ती माझ्या सीटवर सरकली, डोळ्याच्या नेमकी समोर. पदर नीट केला. मी दार उघडून तिला ओढत होते तर माझ्यावरच खेकसली, 'बाजूला हो, तू मधी आलीस तं त्याला दिसत नाय.' पाणी पावलांना लागलं तेव्हा ती त्या डोळ्याला म्हणत होती, 'सुजीत, बाबा, चालू कर आता. पानी आलाय.' रागावून नाही. जेवायला हाक मारतात तशी. पाणी सीटला लागलं तेव्हा तिने पायाशी ठेवलेली मासळीची एक पाटी उचलून डोळ्यापुढे धरली, तुला कळावं म्हणून, की माल अजून गाडीतच आहे. आणि गाडी बीप बीप करत होती. तिचं तोंड झाकलं गेलं म्हणून. तिला वाटलं तू ओ दिलीस. ती मला म्हणाली, 'बघ, बघतोय तो.'

तुझ्या भावोजींनी आणि दोघा खलाशांनी तिला उचलून बाहेर काढलं. काढताना लाट आली आणि सगळेच खाली गेले. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, कपाळाला दाराची कड लागली. किनाऱ्यावर आणून पालथी घातली तेव्हा पाणी पडलं आणि मग ती रडली नाही, ओरडली नाही, तिने आधी विचारलं गाडी निघाली का. दवाखान्यात तिने माझ्याकडून वचन घेतलं, त्याला सांगू नको, तो कामावर हाय. वचन मी आज मोडलं. मला त्याचं काहीही वाटत नाही.

आता ऐक, हे सगळं आज का लिहिलं. सोमवारी तिला नव्या गाडीतून पालघरला डॉक्टरकडे नेली. वेणी नाही, जुनं लुगडं. बसल्यापासून तिने तोंड खिडकीकडे केलेलं, त्या डोळ्याकडे एकदाही बघितलं नाही. परत येताना मध्येच, मान न वळवता, तिने मला हळूच विचारलं, तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून असेल, 'हंसा, त्या दिवशी त्यानं बघितलं ना गं?' मी गाडी चालवत राहिले. काय सांगू रे? बघितलं म्हणाले, तर तिच्या पोराने तिला बुडताना बघितलं आणि बटण दाबलं नाही. नाही बघितलं म्हणाले, तर इतके दिवस, इतके घोळ, इतक्या वेण्या, सगळं ती एका काचेला दाखवत होती आणि तिच्या पोराने तिला फसवलं. दोन्हीतलं एकही मला तोंडातून काढवेना. मग तीच म्हणाली, 'राहू दे. रविवारी येतोय ना, त्यालाच इचारते.' ती विचारणार. सगळ्या गावासमोर विचारणार, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. म्हणून मी ठरवलंय, आई पहिल्या रांगेतच बसेल, नव्या लुगड्यात, मी स्वतः आणून बसवीन. शकूने तुमच्या कागदावर सही करायची की नाही ते तुझं उत्तर ऐकून तिचं तिने ठरवावं. मी तोंड उघडणार नाही. पत्र मिळेल तेव्हा तुझ्याजवळ दोन-तीन दिवस असतील, काय सांगायचं ते ठरवून ये. 'हो हो आई' चालणार नाही. आणि उत्तर देताना तिच्याकडे बघ.

तुझीच, दुसरी कुणाची होता येत नाही म्हणून,
हंसा